मुक्ता तुळसकर, टी.वाय.बी.ए.

आमच्या ऑफिसात साखर कधी संपत नाही. ती वाढते. चहापत्ती वाढते, स्टेपलरच्या पिना वाढतात, प्रिंटरमधली शाईसुद्धा वाढते. हा चमत्कार आमचे अधीक्षक श्रीधर तुळसकर यांच्या तोंडून रोज घडतो. 'संपलं' हा शब्द त्या माणसाने आयुष्यात उच्चारला नसावा. मूळचे वेंगुर्ल्याकडचे. डब्यातले तांदूळ संपले की 'तांदूळ वाढले' म्हणायचं, बांगडी फुटली की 'वाढवली' म्हणायचं, ही जुन्या घरांची रीत आहे. बाकीच्यांनी ती घरात ठेवली, तुळसकरांनी ती ठाण्याला विद्यापीठाच्या कचेरीत आणली.

एकदा त्यांनी भांडार विभागाला चिठ्ठी पाठवली, 'टोनर वाढला आहे. तातडीने कार्यवाही व्हावी.' भांडारपाल नवा होता, नागपूरकडचा. त्याने उलट टपाली कळवलं, 'जादा टोनर त्वरित जमा करावा.' मग कितीतरी दिवस आम्ही बोनाफाइड सर्टिफिकेटं हाताने लिहीत बसलो. तुळसकरांना मात्र आपलं काही चुकलं असं वाटलं नाही. "अरे म्हात्रे, माणसाला साधं मराठी कळू नये म्हणजे काय," एवढंच ते म्हणाले.

म्हात्रे म्हणजे मी. त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो. डोंबिवलीच्या पलीकडे आमचं गाव होतं, आता तिथे टॉवर आहेत. आई त्यातल्याच एकाच्या गॅलरीतून खाली पार्किंगकडे बोट दाखवते आणि "ती बघ आपली भाताची खाचरं," म्हणते. तेव्हा गेलेलं न गेल्यासारखं बोलणारी माणसं मला नवी नाहीत. पण तुळसकरांनी यात पीएच.डी. केली होती.

खिडकीवर मुलं निकाल विचारायला येत. 'नापास' हा शब्द तुळसकरांना वर्ज्य. "एक विषय तुझ्याजवळ राहिलाय," असं ते इतक्या मायेने सांगत, की पोरगं "थँक्यू सर" म्हणून हसत जिना उतरायचं आणि खाली गेल्यावर त्याला कळायचं. कोणी निवृत्त झालं की ते 'मोकळे झाले.' संध्याकाळी घरी निघताना 'येतो.' मी एकदा गंमत म्हणून "चला सर, जातो" म्हटलं, तर ते जिन्यापर्यंत माझ्या मागे आले आणि माझ्याकडून 'येतो' म्हणवून घेऊनच परत फिरले.

आमच्याकडे एक नवीन मुलगी लागली होती. तिने पहिल्याच आठवड्यात सहज विचारलं, "सर, तुम्हाला मुलं किती?"

"अजून नाहीत," तुळसकर म्हणाले.

माणूस निवृत्तीला आलेला, डोक्यावर मोजून घ्यावेत इतके केस. ती मुलगी हसू की नको अशी माझ्याकडे बघायला लागली. मी फाइलीत डोकं घातलं. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणी त्याबद्दल बोलत नसे.

तर अशा माणसाच्या आयुष्यात नवी प्रणाली आली.

आमच्या विद्यापीठाचा सगळा कारभार एका जुन्या सॉफ्टवेअरवर चालायचा. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि मध्येच ते रुसायचं. रुसलं की तुळसकर त्याच्यासमोर हात जोडून बसत आणि ते बहुतेक वेळा चालू होई. ते काढून प्रवेशापासून पदवीपर्यंत सगळं एका जागी करणारं पोर्टल आणायचं ठरलं. कंपनीतर्फे प्रियांका नावाची एक इंजिनियर आली. दिवा स्टेशनजवळ राहणारी, चुणचुणीत, बोलताना श्वास न घेणारी. तिच्याकडे रोज एक वेगळी यादी असायची आणि त्या यादीतलं आमच्याकडून काहीही झालेलं नसायचं.

पोर्टल मराठीत हवं, असा वरून हुकूम होता. आधी ते काम मराठीच्या एका प्राध्यापकांना दिलं. त्यांनी 'लॉग आउट'ला 'सत्रविसर्जन' असा शब्द काढला. शिपाईमामांनी तो वाचला आणि ऑफिसात गणपती बसणार आहे का म्हणून विचारलं. मग कुलसचिव म्हणाले, साध्या माणसाला कळेल असं कोणीतरी लिहा. साधा माणूस म्हणून तुळसकरांचं नाव पुढे आलं.

त्यांनी जीव ओतून काम केलं. 'लॉग आउट'ला लिहिलं 'येतो.' बायकांनी तक्रार केली तेव्हा 'येतो / येते.' पडद्यावर ते गोल गोल फिरतं तिथे लिहिलं 'थांबा, बघतो.' पासवर्ड चुकला तर 'पुन्हा आठवून बघा.' चूक झाली तर 'काहीतरी राहिलंय.' आम्हाला फार आवडलं. कॉम्प्युटर कसा शेजारच्या काकांसारखा बोलायला लागला.

आणि 'डिलीट'ला त्यांनी लिहिलं, 'वाढवा.'

चाचणीच्या पहिल्याच दिवशी आमच्या शिंदेबाईंना कल्याणच्या एका कॉलेजच्या एफ.वाय.बी.कॉम.च्या जागा वाढवायच्या होत्या. समोर ठळक बटण होतं, 'वाढवा.' बाईंनी दाबलं. पडद्याने विचारलं, 'नक्की वाढवायचं?' बाईंनी उत्साहाने होय केलं. एक तुकडी गेली. आकडा कमी दिसतोय म्हणून बाईंनी पुन्हा वाढवलं. दुसरी तुकडी गेली. "अहो, हे पोर्टल उलटं चालतंय," असं ओरडत त्यांनी दुपारच्या डब्यापर्यंत अख्खं कॉलेज साफ केलं. नशीब एवढंच, की ती नुसती चाचणीची प्रत होती.

कुलसचिवांनी तुळसकरांना आत बोलावलं. मी फाइल न्यायच्या निमित्ताने मागोमाग गेलो, अशी संधी कोण सोडतो?

"तुळसकर, हे काय आहे?"

"साहेब, घरात कोणी 'पुसून टाका' म्हणतं का? अशुभ वाटतं."

"अहो, हे घर नाही, विद्यापीठ आहे!"

"तिथे तर मुलांची नावं आहेत साहेब," तुळसकर म्हणाले. "मुलांच्या नावापुढे कसं लिहायचं?"

कुलसचिवांनी स्वतःच्या हाताने 'काढून टाका' असं लिहून दिलं. बाकीचे शब्द मात्र त्यांनी राहू दिले.

पुढचा टप्पा खऱ्या चाचणीचा होता. प्रियांकाने सांगितलं, प्रत्येकाने एक खोटा विद्यार्थी तयार करायचा आणि त्याला प्रवेश, परीक्षा, निकाल अशा सगळ्या पायऱ्यांवरून चालवून बघायचं. कुठे अडलं तर तिला कळवायचं. आम्ही सरकारी पद्धतीने काम उरकलं. माझा विद्यार्थी 'टेस्ट टेस्ट टेस्ट.' शिंदेबाईंचा 'अबक.' एकाने 'बंड्या बंडू बंडे' असं नाव टाकून त्याची जन्मतारीख उद्याची दिली आणि पोर्टलने ती घेतली, म्हणून प्रियांका रडकुंडीला आली.

तुळसकरांनी चष्मा पुसला आणि सावकाश टाइप केलं. विद्यार्थिनीचे नाव, मुक्ता. आता आईचं नाव सक्तीचं आहे, वडिलांच्या नावाच्या आधी येतं. आईचे नाव, सुनंदा. वडिलांचे नाव, श्रीधर. आडनाव, तुळसकर. पत्ता, डोंबिवली पूर्व, त्यांचाच.

"सर, स्वतःचं नाव दिलंत?" मी विचारलं.

"मग काय दुसऱ्याचं देऊ? उद्या त्याच्या दाराशी कोणी गेलं तर?"

मला वाटलं, माणूस मुळातच काटेकोर आहे. पण मग विषय निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी घरी फोन लावला. "अगं, मुक्ताला मराठी द्यायचं की अर्थशास्त्र?" पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. तुळसकर 'हं, हं' करत राहिले. शेवटी मुक्ताने मराठी मुख्य आणि अर्थशास्त्र दुय्यम असं घेतलं. कॉलेज कल्याणचं घेतलं. ठाण्याचं चांगलं असताना कल्याणचं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "तिच्या आईला लांब पाठवायचं नाहीये."

मग हे रोजचंच झालं. बाकीच्यांचे विद्यार्थी एका दुपारीत पदवीपर्यंत पोचायचे, मुक्ता रीतसर शिकत होती. ग्रंथालयाचा भाग तपासायचा होता तर तिने पुस्तकं घेतली आणि मुदतीत परत केली. मुदतीनंतरही परत करून बघा, दंड लागतो का ते तपासायचंय, असं प्रियांका म्हणाली. तुळसकर म्हणाले, "ती तसली मुलगी नाहीये." शेवटी दंड माझ्या 'टेस्ट'ने भरला. परीक्षेला गैरहजर विद्यार्थी दाखवायचा होता, तेव्हा मुक्ताला कांजिण्या झाल्या. त्या दिवशी फोनवर "नाही गं, ताप उतरलाय," असं ते बोलताना मी माझ्या कानांनी ऐकलं.

खरा पेचप्रसंग केटीचा. एखादा विषय राहिला तर पुढच्या वर्षात प्रवेश मिळतो की नाही, हे तपासणं भागच होतं.

"सर, प्लीज एक सब्जेक्टमध्ये फेल करा ना तिला," प्रियांका म्हणाली.

"राहू दे म्हण."

"हां, राहू दे. एकच. इकॉनॉमिक्स."

तुळसकरांनी मान खाली घालून गुण भरले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यात नुसता दहीभात होता, लोणच्याची फोडसुद्धा नाही. "बोलत नाहीये माझ्याशी," ते हळूच म्हणाले. "म्हणते, पोरीचा अभ्यास झालेला, तुम्ही मुद्दाम केलंत." त्याच दुपारी त्यांनी मुक्तातर्फे पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरला, तो भागही तपासून घेतला, आणि तिला चांगल्या गुणांनी सोडवली. पुढच्या दिवशी डब्यात भरली वांगी आली.

आम्ही हसायचो. खोटं कशाला बोलू, खूप हसायचो. शिंदेबाई तर सकाळी आल्या आल्या विचारायच्या, "काय सर, मुक्ता काय म्हणते?" तुळसकर अगदी मनापासून सांगायचे. हळूहळू आमच्या लक्षात आलं, की आम्हीही मनापासून ऐकतोय. वक्तृत्व स्पर्धेत मुक्ताला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, तर शिपाईमामा म्हणाले, "पहिलंच द्यायचं ना, आपल्याच हातात आहे." तुळसकर म्हणाले, "नको. तिचं तिने मिळवू दे."

मग एका सोमवारी प्रियांकाने सांगितलं, की शुक्रवारी चाचणीतली सगळी नावं पुसायची. पुढच्या सोमवारपासून पोर्टल खरं सुरू होणार.

तुळसकर तिच्या टेबलाशी गेले. "एक नोंद राहिली तर काय होतं गं?"

"सर, लाइव्ह सिस्टिममध्ये खोटी स्टुडंट? माझी नोकरी जाईल ना."

"हो, बरोबर आहे," ते म्हणाले. ते खरोखरच प्रामाणिक गृहस्थ. उद्या मुक्ताच्या नावाने कोणी शिष्यवृत्ती उचलली तर, हा विचार त्यांच्याच मनात आधी आला असणार. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आणि पदवी? ती टी.वाय.ला आहे अजून."

"डिग्रीचा पार्ट नेक्स्ट फेजमध्ये आहे सर. आत्ता गरज नाही."

आयुष्यात कधी कोणाकडे काही न मागणारा तो माणूस त्या दिवशी कुलसचिवांच्या दाराबाहेर बाकावर बसून राहिला. आत गेल्यावर चाचणी अपूर्ण ठेवणं योग्य नाही वगैरे सांगितलं म्हणे. कुलसचिव काय ते समजले असावेत. त्यांनी प्रियांकाला बोलावून सांगितलं, पदवीचा भाग एका विद्यार्थ्यापुरता उघडून द्या, शुक्रवारच्या आत. प्रियांका बाहेर आली ती कपाळाला हात लावून. पण तिने ते केलं, स्वतःची कामं बाजूला ठेवून केलं.

शुक्रवारी दुपारी सुनंदाबाई आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. बारीक चणीच्या, कार्याला नेसतात तसली साडी, हातात नारळाच्या वड्यांचा डबा. "ह्यांच्या गोळ्या राहिल्या होत्या, त्या द्यायला आले," असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. गोळ्या काही त्यांनी काढल्या नाहीत.

तुळसकरांनी त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं आणि मुक्ताचं पान उघडलं. सुनंदाबाई पर्समधला चष्मा लावून वाचायला लागल्या. एका ओळीपाशी थांबल्या. 'आईचे नाव' या शब्दांपुढच्या चौकटीत त्यांचं नाव होतं. बाजूला आम्ही सगळे उभे होतो, पण त्यांना आमचं भान नव्हतं. या बाईने शाळेचा, कॉलेजचा, लसीकरणाचा असा एकही कागद कधी असा वाचला नसेल, हे मला तेव्हा कळलं, आणि माझ्या घरात असले कागद कपाटातून खाली पडतात म्हणून मी पोरांवर ओरडतो, तेही आठवलं.

"बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या.

प्रियांकाने पदवीचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'काहीतरी राहिलंय.' खाली बारीक अक्षरात होतं, पदवीसाठी छायाचित्र आवश्यक.

"फोटो तर टाकलाच नाही मी," तुळसकर म्हणाले. "प्रवेशाच्या वेळी ऐच्छिक होता."

खोलीत गडबड उडाली. कोणी म्हणालं, इंटरनेटवरचा कुठल्याही मुलीचा टाका. सुनंदाबाईंनी मान हलवली. "दुसऱ्याची मुलगी कशाला?"

"काकू, माझा टाकू?" प्रियांका एकदम म्हणाली. "टेस्टच आहे, चालेल."

सुनंदाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या गालावरची केसांची बट मागे सारली. "नको गं. तुला आहे ना आई."

प्रियांकाने काहीतरी खटपट केली आणि फोटोच्या जागी ती करडी बाहुली आली, नुसतं डोकं आणि खांदे. पदवीपत्र पडद्यावर उघडलं. त्याच्यावर तिरकं मोठ्या अक्षरांत 'नमुना' लिहिलेलं होतं, त्यातून दिसत होतं ते असं: मुक्ता सुनंदा श्रीधर तुळसकर, कला शाखेची पदवी, प्रथम श्रेणी. शिपाईमामांनी टाळी वाजवली आणि मग आम्ही सगळ्यांनी वाजवल्या. शेजारच्या विभागातली माणसं कोणाचा निरोप समारंभ आहे म्हणून बघायला आली, त्यांनाही वड्या मिळाल्या.

पाच वाजत आले तरी प्रियांका नुसती बसून होती. शेवटी सुनंदाबाईच म्हणाल्या, "कर बाळा. तुला दिव्याला जायचंय, उशीर होईल."

तिने केलं. सगळे एकदम गेले, माझा टेस्ट, अबक, बंड्या, मुक्ता. खरंच गेले का हे तपासायचा नियम असतो, म्हणून तिने शोधाच्या चौकटीत मुक्ताचं नाव घातलं. उत्तर आलं, 'इथे दिसत नाहीत. दुसरीकडे पाहा.' हे वाक्यही तुळसकरांनीच कधीतरी लिहून दिलेलं होतं, आणि आता ते स्वतःच वाचत उभे होते. मी उगाच पाण्याची बाटली भरायला बाहेर गेलो.

संध्याकाळी आम्ही तिघं कोपरीतून स्टेशनकडे चालत निघालो. भाजीवाल्यांनी रस्ता अडवलेला. ते दोघं पुढे, मी दोन पावलं मागे. काहीतरी बोलायला हवं, असं मला वाटत होतं.

"फोटोची जागा रिकामी बरी नाही दिसली," सुनंदाबाई म्हणाल्या.

"हो ना."

"नाक तुमचं नको हं."

"माझ्या नाकाला काय झालंय?"

"काही नाही झालंय. पुरुषाला चालतं. केस माझे, पूर्वीचे. उंची तुमची घ्या."

तुळसकरांनी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "चष्मा असणार तिला."

"चष्मा कशाला?"

"एवढं वाचते, मग लागणारच."

"वाचून कसला लागतोय! मोबाइल बघून लागलाय. तुम्हीच लाडावून ठेवलीत."

"आता झाली ना पदवीधर? आता तरी बोलू नकोस तिला."

मी पावलं हळू केली आणि त्यांना पुढे जाऊ दिलं. घरातलं बोलणं चाललं होतं, मध्ये तिसऱ्याने तोंड घालू नये.